इकडील सर्व क्षेम

मंडळी, २०२३ च्या उन्हाळ्यात मी स्वीडनला जाऊन आले. त्याबद्दल "लिहा की, लिहा की" म्हणून नाशिकच्या वहिनी दर फोनला आठवण करतात. दोन-चार वेळा लिहायला बसलेही, पण "लोक फार शिस्तीचे, रस्ते फार स्वच्छ" यापुढे गाडी जाईना. तसलं प्रवासवर्णन तुम्ही पुष्कळ वाचलेलं आहे. परवा कपाट आवरताना तिथे लिहिलेली वही हाती लागली, आणि लक्षात आलं की मला जे लिहायचं होतं ते स्वच्छ रस्त्यांबद्दल नव्हतंच. म्हणून आज लिहिते आहे. मध्ये मध्ये इतिहास येईल, तो सहन करा. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, खोड जात नाही.

माझा मुलगा दक्षिण स्वीडनमध्ये स्मोलांद नावाच्या प्रांतात, वेक्शो या गावी राहतो. व्हिसा नव्वद दिवसांचा. मे महिन्यात गेले. पहिले तीन आठवडे मुलगा, सून, दोन वर्षांची नात असे सगळे होतो, मजेत गेले. मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. नागपूरला सुनेच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं, ती नातीला घेऊन निघाली. आणि मुलाला त्याच्या कंपनीनं पाच आठवड्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. "आई, तुझं तिकीट अलीकडचं करून घेऊ का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नको. मी राहीन." त्याचा विश्वास बसेना. खरं तर माझाही बसत नव्हता! पण चिपळूणला तरी काय, हे गेल्यापासून दोन वर्षं मी एकटीच राहत होते. तिथे एकटं राहायचं ते इथे. फरक एवढाच, की इथे संध्याकाळी कुंपणावरून "काय बाई, जेवण झालं का?" असं विचारणारं कोणी नव्हतं.

पहिल्या आठवड्यात थोडी फजिती झाली. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली असते. तिथे आधी आपली वेळ नोंदवून ठेवायची. त्या वेळेत कपडे धुवायचे, वाळवायचे, यंत्राच्या जाळीत अडकलेला कापसासारखा कचरा काढायचा, फरशी पुसायची आणि बाहेर पडायचं. मी नेमकी दुसऱ्याच्या वेळेत शिरले. दारात एक म्हातारे गृहस्थ कपड्यांची टोपली घेऊन उभे. रागावले नाहीत, काही नाही, नुसते उभे! मी "सॉरी, सॉरी" करत ओले कपडे उचलून वर पळाले. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून एक कागद आत आलेला. त्यावर घड्याळ, यंत्र आणि नोंदीचा फळा यांची चित्रं काढून नंबर कसा लावायचा ते दाखवलं होतं. चित्र अगदी आमच्या पाचवीच्या मुलांसारखं. त्या दिवसापासून हे आजोबा माझे गावातले पहिले ओळखीचे झाले. माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं, त्यांचं सावकाश, त्यामुळे आमचं छान जमलं.

बाकी दिवस सोपे होते. दुकानात दह्यासारखं आंबट दूध मिळतं, त्याची कढी उत्तम होते. बेकरीत शिरले तर वेलदोड्याचा असा दरवळ, की क्षणभर दिवाळीच वाटावी! हे लोक गोड पावात वेलदोडा घालतात, आणि हात राखून घालत नाहीत. रात्री पावणेदहा-दहापर्यंत उजेड. देवापुढे दिवा लावायचा तो सूर्यास्ताला की घड्याळाला, हा प्रश्न मला रोज पडे. शेवटी घड्याळाला लावत असे. संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला जाई. गावाचं नावच या तळ्यावरून पडलं आहे. जुन्या भाषेत 'वाट' आणि 'तळं' हे दोन शब्द मिळून हे नाव झालं. हिवाळ्यात तळं गोठलं, की बर्फावरून वाट पडायची, त्या वाटा जिथे मिळायच्या तिथे बाजार आणि बाजाराजवळ गाव.

रेल्वे स्टेशनच्या पलीकडे, तळ्याच्या बाजूला एक संग्रहालय आहे. त्याचं नाव 'उत्वांद्रार्नास हूस', म्हणजे देश सोडून गेलेल्यांचं घर. १९६८ साली ते उघडलं. पहिल्यांदा गेले ती पाऊस आला म्हणून आडोशाला! नंतर मात्र आठवड्यातून दोनदा जाऊ लागले.

आज ज्या देशात आपली मुलं नोकरीला जातात, त्या देशातून एके काळी माणसं पळत सुटली होती, हे मला पाठ्यपुस्तकात कधी भेटलं नव्हतं. १८५० ते १९३० या ऐंशी वर्षांत सुमारे १३ लाख स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली. १८५० साली सगळ्या देशाची लोकसंख्याच ३५ लाखांच्या आसपास होती, यावरून कल्पना करा. १८८७ या एका वर्षात ४६ हजारांच्या घरात माणसं गेली. पुढे पुढे शिकागोत इतके स्वीडिश झाले, की स्टॉकहोमच्या खालोखाल स्वीडिश वस्ती तिथेच, असं म्हणत.

का गेली? तर गंमत अशी, की आधी चांगले दिवस आले म्हणून. इसाइआस तेग्नेर नावाचे एक कवी या वेक्शोचे बिशप होते, १८२४ पासून १८४६ मध्ये वारेपर्यंत. त्यांची कबरही इथेच आहे. त्यांनी आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याची तीन कारणं सांगितली होती. शांतता, देवीची लस आणि बटाटा! हे वाचून मी तिथल्या तिथे हसले. आम्ही वर्गात कारणं शिकवायचो ती राजकीय, सामाजिक, आर्थिक अशी. पण ते बरोबर आहे. स्वीडननं शेवटचं युद्ध केलं १८१४ साली. देवीची लस १८१६ मध्ये सक्तीची झाली. आणि बटाट्यानं गरिबाचं पोट भरलं. मुलं जगू लागली. शंभर वर्षांत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. जमीन मात्र तेवढीच, आणि स्मोलांदची तर दगडांनी भरलेली. शेतातले दगड वेचून रचलेले गडगे आजही मैलोन् मैल दिसतात. मला आमच्या कोकणातले गडगे आठवले. भाऊ चार, आणि शेत दगडांचं. पुढची गोष्ट कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

त्यात १८६७ साली थंडी हटेना म्हणून पीक बुडालं आणि १८६८ साली दक्षिणेत पाऊसच झाला नाही. लोकांनी पिठात झाडाची साल मिसळून भाकरी केली. मग जी रांग लागली ती लागलीच. आधीच्या काळात शिडाच्या जहाजातून दोन-अडीच महिने लागत. नंतर आगबोटी आल्या. गोथेनबर्गहून बोटीनं इंग्लंडमधल्या हल बंदराला, तिथून आगगाडीनं लिव्हरपूलला आणि तिथून अमेरिका, असा रस्ता ठरूनच गेला. आधी एक जण जाई. तो पैसे साठवून धाकट्या भावाचं तिकीट पाठवी, भाऊ बहिणीचं पाठवी.

आता खरी गोष्ट. स्वीडनमध्ये चर्चच्या वह्या असत. १६८६ च्या कायद्यानं प्रत्येक पाद्रीवर हे काम टाकलं होतं. दर वर्षी घरोघर तपासणी व्हायची. घरात कोण, जन्म कधीचा, धर्माची प्रश्नोत्तरं येतात का, पुस्तक वाचता येतं का, अशा रकाने आखलेल्या वह्या. गाव सोडायचं तर पाद्रीकडून दाखला घ्यावा लागे. म्हणजे आमचं जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याचा दाखला, अगदी तेच! अशा एका वहीचं पान मी बघितलं. एका कुटुंबातली आई-बाप आणि सात मुलं. पाच मुलांच्या नावांवर रेघ आणि पुढे एकच नोंद, उत्तर अमेरिका. त्यांचं वर्ष, ठिकाण, सगळं लिहिलेलं. आई-बापांच्या नावापुढे नवीन काहीच नाही. नाही कसं, ती कुठे गेलीच नाहीत ना! वहीत हलणाऱ्या माणसाची नोंद होते, बसून राहिलेल्याची होत नाही. मी स्वतः इतकी वर्षं रजिस्टरं लिहिली, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

पुढच्या खोलीत काचेआड पत्रं होती. यांना इथे 'अमेरिका-पत्रं' म्हणतात. एक पत्र आलं, की अख्खा गाव गोळा होऊन वाचे. पत्रं बघता बघता माझ्या ध्यानात आलं, की ही सगळी तिकडून इकडे आलेली आहेत. इकडून काय उत्तर गेलं? ते अर्थातच इथे नसणार, ते अमेरिकेत कोणाच्या तरी पेटीत राहिलं. तरी मी तिथल्या बाईंना विचारलंच. त्यांनी सांगितलं ते मला फार लागलं. चर्चच्या सक्तीमुळे वाचायला पूर्वीपासून बहुतेकांना येत होतं. पण लिहिणं ही वेगळी विद्या. १८४२ साली गावोगाव शाळा काढण्याचा कायदा झाला, त्यानंतर हळूहळू लिहिणं पसरलं. त्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी माणसांना, त्यातून बायकांना, मुलाचं पत्र वाचता यायचं, पण उत्तर लिहिता यायचं नाही. कोणाकडून तरी लिहून घ्यावं लागे.

मी त्यांना म्हटलं, "आय नो." पुढे इंग्रजीत सांगता येईना.

ते इथे सांगते. माझं बालपण देवरुखजवळच्या एका खेड्यात गेलं. वडील मुंबईला गिरणीत. आमच्या भागातून मुंबईच्या गिरण्यांना किती माणसं गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्हा म्हणजे मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा, असं म्हणत ते काही खोटं नव्हतं. आजीला पोथी वाचता यायची. चातुर्मासात ती पांडवप्रताप वाची आणि शेजारणी ऐकायला येत. पण लिहायला तिनं कधी पाटी हातात धरली नव्हती. ही दोन कामं वेगळी असू शकतात, हे लहानपणी मला विचित्र वाटे. १९५९ साली मी नऊ वर्षांची होते, अक्षर बरं होतं, म्हणून पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. आजी सांगायची आणि मी पोस्टकार्डावर लिहायची. म्हणजे मी माझ्या वडिलांना "चिरंजीव" आणि "अनेक उत्तम आशीर्वाद" असं लिहायचे!

आणि दर पत्रात पुढचं वाक्य एकच. "इकडील सर्व क्षेम."

एका पावसाळ्यात पडवीचं छप्पर बसलं होतं. म्हैस दगावली होती. आजीला स्वतःला पंधरा दिवस ताप होता. मी विचारलं, "छपराचं लिहू?" आजी म्हणाली, "नको. तो तिकडे रात्रपाळी करील की छपराची काळजी करील? लिही, इकडील सर्व क्षेम." मी लिहिलं. वडिलांचंही उत्तर यायचं, "इकडे मी खुशाल आहे." नंतर मोठेपणी कळलं, की त्या वर्षी ते खोलीत काविळीनं आडवे पडले होते. म्हणजे दोन्हीकडून नऊ पैशांचंही खरं कोणी लिहीत नव्हतं, आणि मी मध्ये बसून ते सुवाच्य अक्षरात काढत होते.

धुण्याच्या खोलीतल्या आजोबांना मी हे सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. ते बराच वेळ गप्प बसले. (हे लोक गप्प बसतात तेव्हा आपण घाबरायचं नाही, ते विचार करत असतात.) मग म्हणाले, की त्यांच्या आजीची पाच भावंडं अमेरिकेला गेली आणि ही सर्वांत धाकटी, म्हणून आई-बापांपाशी राहिली. भावंडांचे फोटो घरात होते. टोपी, कोट, घोडागाडी! आजीचा त्या वयातला फोटो एकही नाही. "ती अमेरिकेबद्दल कधी काही बोलायची नाही," ते म्हणाले, "पण पोस्टमन आला की हातातलं काम ठेवायची."

या गेलेल्यांची कथा स्वीडनमध्ये घराघरात पोचली ती विल्हेल्म मोबेर्ग या लेखकामुळे. ते याच स्मोलांदचे, १८९८ चा जन्म, त्यांचेही बरेच मामा-मावश्या अमेरिकेत. १९४९ ते १९५९ या काळात त्यांनी चार कादंबऱ्या लिहिल्या. कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना हे शेतकरी जोडपं दगडाळ शेत सोडून मिनेसोटाला जातं, त्यांची ही कथा. त्यातल्या शेवटच्या भागाचं नावच 'स्वीडनला शेवटचं पत्र' असं आहे. कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना ज्या बंदरातून निघतात, त्या कार्ल्सहाम्नला त्यांचा पुतळा आहे, असं आजोबांनी सांगितलं. म्हटलं, जाऊन येऊ या.

परदेशात एकटीनं आगगाडीनं जायचं, म्हणून मी दोन दिवस तयारी करत होते. तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. हेस्लेहोल्म या स्टेशनवर गाडी बदलायची होती, ते नाव मी वहीत देवनागरीत लिहून तीनदा म्हणून पाहिलं. प्रवासात काहीच अडचण आली नाही, हे सांगायला जरा वाईटच वाटतं!

पुतळा बंदराजवळच्या बागेत आहे. आक्सेल ओल्सॉन यांनी केलेला, १९५९ साली बसवलेला. म्हणजे मी देवरुखला पोस्टकार्डं लिहीत होते, त्याच वर्षी. कार्ल ऑस्कर समुद्राकडे बघतो आहे. क्रिस्तिनाची मान मागे वळलेली, गावाकडे. असाच एक पुतळा अमेरिकेत मिनेसोटातही उभा केला आहे. मी बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या आणि दोघांकडे आलटून पालटून बघत राहिले. आधी माझं मन क्रिस्तिनाकडेच गेलं, आपण बायका, जाणारच. मग मनात आलं, की ती ज्यांच्याकडे वळून बघते आहे ती माणसं पुतळ्यात कुठे आहेत? ती नाहीत. ती म्हणजे मी, इथे बाकावर बसलेली.

आता जे लिहायला दोन वर्षं लागली ते लिहिते. हे गेले २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत. मुलगा येऊ शकला नाही. विमानांचा भरवसा नव्हता, सुनेला नववा महिना लागलेला, तिच्याजवळ तिकडे दुसरं कोणी नाही. पुतण्यानं स्मशानातून फोन धरला आणि त्यानं तिकडून पाहिलं. तीन आठवड्यांनी नात झाली. तो फोनवर म्हणाला, "आई, मी येऊ शकलो नाही." मी म्हटलं, "काही हरकत नाही रे."

हरकत होती.

तो येणं शक्य नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण कळण्यानं राग जातोच असं नाही. पुढे त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणला महापूर आला. आमच्या घरात कमरेइतकं पाणी. मी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्र काढली. ह्यांची पुस्तकं, माझ्या वह्या, सगळ्याचा चिखल झाला. दुसऱ्या दिवशी कसाबसा फोन लागला, तेव्हा मुलाला काय सांगितलं? "थोडं पाणी आलं होतं, आता ओसरलं. मी मजेत आहे." आजीचंच वाक्य. फक्त पोस्टकार्डाऐवजी फोनवर.

तोपर्यंत मला वाटायचं, की असं सांगणं म्हणजे माया. मुलाला काळजी नको म्हणून. थोडी ती मायाच होती. पण त्यात दुसरंही काही होतं. त्याला न सांगणं ही त्याला दिलेली शिक्षाही होती. तू नव्हतास ना, मग तुला कळायचं कारण नाही, असं काहीसं.

परतीच्या गाडीत मला संग्रहालयात वाचलेली एक गोष्ट आठवत होती. इतकी माणसं जाताहेत म्हणून सरकार घाबरलं आणि १९०७ साली एक चौकशी बसवली. गुस्ताव सुंदबेर्ग नावाचे संख्याशास्त्रज्ञ तिचे प्रमुख. १९१३ पर्यंत काम चाललं, एकवीस खंड झाले. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट केली. गेलेल्या माणसांनाच विचारलं, की तुम्ही का गेलात? लोकांनी अमेरिकेतून पत्रं लिहून कळवलं, आणि ती पत्रं अहवालात छापली. कोणी गरिबीचं लिहिलं, कोणी सक्तीच्या लष्करी नोकरीचं, कोणी मोठ्या लोकांच्या तोऱ्याचं. पुढे तिथला कारभार बदलत गेला, त्यामागे अशा पुष्कळ गोष्टी होत्या. गेलेल्यांपैकी पाचातला एक जण परतही आला. १९३० च्या सुमाराला हे जाणं थांबलं. आणि आज त्याच स्वीडनमध्ये राहणाऱ्या पाचातला एक जण बाहेरच्या देशात जन्मलेला आहे. माझा मुलगा त्यातलाच.

मला काय टोचलं, तर सरकारसारख्या सरकारनं गेलेल्यांना विचारलं, आणि मी मात्र माझ्या मुलाला कधी विचारलं नव्हतं. का गेलास, हे नव्हे. ते ठाऊक होतं. त्या एप्रिलमध्ये, फोन बंद झाल्यावर, तू काय केलंस? कोणापाशी बसलास? हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यानं "इकडे खुशाल आहे" म्हटलं आणि मी ते सुवाच्य अक्षरात मान्य केलं.

तो परत यायच्या आदल्या रात्री मी पत्र लिहायला बसले. तळ्यावर अजून उजेड होता. सवयीनं वर 'श्री' काढलं, "चि." लिहिलं आणि हात आपोआप पुढे गेला, "इकडील सर्व क्षेम". ते खोडलं. मग चार पानं लिहिली. राग आला होता, हे लिहिलं. पुराचं खरं खरं लिहिलं. आणि शेवटी तो प्रश्न. पत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं आणि झोपायला गेले. झोप अर्थातच आली नाही.

त्यानं काय उत्तर दिलं ते मी इथे लिहिणार नाही. नाशिकच्या वहिनी हे वाचतात, आणि त्यांच्यामार्फत सगळा नाशिक! एवढंच सांगते, की उत्तर त्यानं बोलून दिलं, लिहून नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या धुण्याच्या वेळेची मी नोंद करून ठेवली होती ती चुकली. आजोबा खाली टोपली घेऊन आले तेव्हा खोली रिकामी होती. त्यांनी वर येऊन बेल वाजवली, सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायला.

परतल्यावर आमचा रविवारचा फोन चालूच आहे. तो विचारतो, "कशी आहेस?" गेल्या रविवारी मी सांगितलं, "डावा गुडघा दुखतोय, पाण्याचा पंप बंद पडलाय आणि प्लंबर तीन दिवस येतो येतो म्हणतोय." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." मग त्यानं त्याचं सांगितलं. पाऊण तास गेला.

पंप अजून बंदच आहे. चिपळूणमधल्या कोणी वाचत असेल आणि चांगला प्लंबर माहीत असेल, तर जरूर कळवा.